वाचलेल्यांची नोंद कोण ठेवणार?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. विशेष तपास पथक नेमले गेले, मृतांच्या वारसांना दोन लाखांची मदत जाहीर झाली, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदीही आली. पुढे कापूस वेचला गेला आणि चर्चा थंडावली. ती चर्चा मृतांच्या आकड्याभोवतीच फिरत राहिली. जे जगून घरी परतले, त्यांच्या प्रकृतीचा प्रश्न मागे पडला.

बळीराजा ज्याला भाबडेपणाने ‘औषध’ म्हणतो, त्याचे कुळ तपासून पाहण्यासारखे आहे. 1936 मध्ये गेर्हार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकाच्या शोधात असताना त्याच्या हाती ‘टाबुन’ हा मज्जासंस्थेवर घाला घालणारा युद्धवायू लागला. दोन वर्षांनी ‘सारिन’ आला. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही त्याच सेंद्रिय फॉस्फरस कुळातील भावंडे. मारकता कमी, परंतु घाव घालण्याची रीत एकच. म्हणूनच सारिनच्या बळीला जे ॲट्रोपीन टोचतात, तेच फवारणी करणाऱ्यालाही टोचावे लागते.

भारताने आंतरराष्ट्रीय कराराचा शब्द पाळून आपला घोषित रासायनिक शस्त्रसाठा 2009 मध्ये पूर्णपणे नष्ट केला. शिवारातील विषाबाबत हा काटेकोरपणा कुठे जातो?

अवटू ग्रंथी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली थायरॉइड, हा या प्रकरणातील दुर्लक्षित धागा. अमेरिकेतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतील फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या दीर्घकालीन अभ्यासात मॅलाथिऑन, डायझिनॉन अशा कीटकनाशकांचा वापर आणि मंदावलेली थायरॉइड यांच्यात संबंध आढळला. यवतमाळात गाजलेले डायफेन्थ्युरॉन तर थायोयुरिया कुळातील आहे. अतिक्रियाशील थायरॉइडला आवर घालणारी काही औषधे याच कुळातून निघाली आहेत. एवढ्यावरून यवतमाळच्या रुग्णांविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तपासणीची गरज मात्र नाकारता येणार नाही. युरोपात या द्रव्याला परवानगी नाही. युरोपच्या शेताला जे चालत नाही, ते विदर्भाच्या मजुराला कसे चालते, याचे उत्तर मिळायला हवे.

ही व्याधी मोठी फसवी. थकवा, सुस्ती, अंगावर सूज, थंडी न सोसणे, मन उदास होणे. पंख्याखाली बसणाऱ्याला अशी लक्षणे दिसली की डॉक्टर रक्त तपासायला सांगतो. रोजंदारीवर जगणाऱ्या मजुराला मात्र गाव ‘आळशी’ ठरवते, मुकादम कामावरून काढतो आणि घरचेही टोमणे मारतात. वास्तविक निदानाला टीएसएच ही साधी रक्तचाचणी पुरते आणि उपचाराला रोजची एक स्वस्त गोळी.

इराणमधील सरदश्त शहरावर 28 जून 1987 रोजी सद्दामच्या विमानांनी मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले. वीस वर्षांनंतरही तेथील बाधितांना बोलावून वैद्यकांनी त्यांची पद्धतशीर तपासणी केली. युद्धाने होरपळलेला देश हे करू शकतो. यवतमाळला तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दाखल झालेल्यांच्या केसपेपरवर नावे-गावे आहेत. आर्णी, घाटंजी, कळंबच्या त्या रुग्णांना परत बोलावून वर्षातून एकदा थायरॉइड, फुप्फुसे व मज्जासंस्था तपासावी आणि दरवर्षी फवारणी करणाऱ्या नव्या मजुरांची पहिली चाचणी मृग बरसण्यापूर्वीच व्हावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आरोग्य खात्याचा एक आदेश पुरेसा आहे.