वीरपर्यंतचे दुहेरी रूळ आणि महाडचा माल

कोकण रेल्वे महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्यास महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये संमती दिली. गोवा, कर्नाटक आणि केरळ या अन्य भागीदार राज्यांनी ती त्याआधीच दिली होती. या निमित्ताने जी चर्चा झाली ती बहुतांशी प्रवाशांच्या सोयीगैरसोयीची, गणेशोत्सवातील गर्दीची आणि 'कोकण रेल्वे' हे नाव टिकणार की नाही याची होती. हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. परंतु रेल्वे ही केवळ माणसे वाहून नेण्यासाठी नसते. ज्या प्रदेशातून ती जाते त्या प्रदेशाचा माल ती उचलते की नाही, हीही तिच्या उपयुक्ततेची कसोटी आहे. या कसोटीवर महाड आणि पोलादपूर या तालुक्यांचा हिशेब मांडला, तर तो समाधानकारक नाही.

महाड हे मुळात व्यापाराचे गाव. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटहून गलबते आत येत, दासगाव-महाडला माल उतरे आणि तेथून घाटवाटांनी देशावर जाई. रस्ते झाले, गलबते गेली. पुढे औद्योगिक वसाहत आली आणि रसायने, रंगद्रव्ये, औषधांचा कच्चा माल असे नवे उत्पादन सुरू झाले. १९९३ साली रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा उत्तरेकडील पहिला टप्पा खुला झाला. १९९८ साली संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी ज्या स्वप्नाचा पाठपुरावा केला ते ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली साकार झाले. पण रूळ महाड शहराला वळसा घालून गेले. महाडकरांना गाडीसाठी वीर गाठावे लागते. पोलादपूर तालुक्याला तर रूळ शिवलेच नाहीत. औद्योगिक वसाहतीतही रेल्वेचा फाटा गेला नाही. परिणामी कारखान्याच्या दारातून निघणारे पिंप आणि टँकर महामार्गावरच येतात.

या महामार्गाने काय किंमत वसूल केली आहे, हे महाडइतके कोणाला ठाऊक असणार? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्यांसह अन्य वाहने प्रवाशांसकट पुरात गेली. नवा पूल विक्रमी वेगाने, १६५ दिवसांत उभा राहिला, हे प्रशंसनीयच. तथापि ज्या रस्त्यावर शाळेची मुले, एस. टी. आणि रसायनांचे टँकर एकाच वेळी धावतात, त्या रस्त्यावरील भार कमी करण्याचा विचार पूल बांधल्याने संपत नाही. रस्त्याची झीज, अपघात, खोळंबा यांचा खर्च कोणत्याही कारखान्याच्या वहीत लिहिला जात नाही. तो समाज भरतो. म्हणूनच मोटारमालवाहतूक दिसते त्याहून पुष्कळ महाग आहे.

मग हा माल रेल्वेने का जात नाही? रूळ दूर आहेत, एवढेच कारण नाही. खरे कारण रेल्वेच्या कार्यपद्धतीत आहे. पूर्वी एखादा व्यापारी दोन-चार वाघिणी भरून मालधक्क्यावरून रवाना करू शकत असे. यार्डात त्या वेगळ्या काढून, जुळवून, दुसऱ्या गाडीला जोडल्या जात. यात वेळ फार जाई. वाघीण कुठे अडकली याचा पत्ता लागत नसे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी रेल्वेने ही पद्धत मागे टाकून संपूर्ण गाडी एकाच ठिकाणी भरायची आणि एकाच ठिकाणी रिकामी करायची, असे धोरण अंगीकारले. कोळसा, लोहखनिज, सिमेंट, धान्य यांना ते मानवले आणि रेल्वेची कार्यक्षमता वाढली. पण एका रेकमध्ये चाळीस ते साठ वाघिणी असतात आणि त्यांत अडीच ते चार हजार टन माल मावतो. महिन्याला शे-दोनशे टन माल पाठविणाऱ्या मध्यम कारखान्याने तो रेक कशाने भरावा? किमान २० वाघिणींच्या लहान रेकची सवलत पुढे आली. पण वीस वाघिणीही अशा कारखान्याला जडच. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या काळात देशातील मालवाहतुकीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा रेल्वेकडे होता; तो तीस टक्क्यांच्या खाली घसरला, याचे एक मोठे कारण येथे सापडते. मोठा माल रेल्वेने राखला, लहान माल रस्त्याला दिला.

हा प्रश्न एकट्या भारताचा नव्हता. अमेरिकेत १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या रेल्वे कंपन्यांनी तोट्यातील फाटे विकण्यास सुरुवात केली. ते छोट्या स्थानिक कंपन्यांनी घेतले. आज तेथे अशा सुमारे सहाशे कंपन्या आहेत आणि देशाच्या एकूण लोहमार्गापैकी जवळजवळ तीस टक्के मार्ग त्यांच्याकडे आहे. त्यांचे काम साधे: गावोगावच्या कारखान्यांतून पाच-दहा वाघिणी गोळा करायच्या, त्या मोठ्या रेल्वेच्या हवाली करायच्या आणि येणाऱ्या वाघिणी दारात नेऊन पोचवायच्या. मालाची तेजी-मंदी त्यांनाही चुकत नाही. पण मंदीत रिकाम्या पडलेल्या वाघिणी आपल्या बाजूच्या रुळांवर ठेवून घेऊन त्या भाडे मिळवितात. २००९ च्या मंदीत अनेकांना या उत्पन्नाने हात दिला. कित्येकजणी वाघिणींची दुरुस्तीही करतात. वाहतूक, साठवण आणि दुरुस्ती अशा तीन पायांवर हा लहान धंदा उभा राहतो.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. बार्शीचा व्यापार तिने मोठ्या रेल्वेशी जोडला, वारकऱ्यांची ने-आण केली आणि कुर्डुवाडीला स्वतःचा दुरुस्तीचा कारखाना चालविला. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. नंतर रूळही रुंद झाले. पण त्या कारखान्याने कुर्डुवाडीत लोहार, सुतार, फिटर यांच्या पिढ्या घडविल्या. गाडी जाते-येते, कारखाना गावात राहतो. रोजगाराच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे.

रायगड जिल्ह्यातच पाहावयाचे तर पेणहून थळच्या खत कारखान्याकडे जाणारा मालवाहू फाटा आहे. कोलाडहून मालमोटारी वाघिणींवर चढवून नेण्याची 'रो-रो' सेवा कोकण रेल्वेने १९९९ सालीच सुरू केली आणि २०२५ मध्ये मोटारगाड्यांसाठीही ती चालवून पाहिली. म्हणजे कल्पकतेची वाण नाही. प्रश्न आहे तो लहान मालासाठी ती वापरण्याचा.

रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या हिरकणीवाडीचे उदाहरण येथे सहज आठवते. गडावर दूध घेऊन जाणाऱ्या हिरकणीची आख्यायिका शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तिच्या काळापासून गडावरचा बोजा डोक्यावरून आणि पाठीवरूनच चढत आला. त्याच वाडीतून १९९६ साली रोपवे सुरू झाला आणि तासा-दीड तासाची चढण काही मिनिटांवर आली. मार्ग जेमतेम एका कड्याएवढा. पण वाडीचा जगाशी संबंध त्याने बदलला. लांबी थोडी म्हणून उपयोग थोडा, असे समीकरण नसते.

वीरच्या बाबतीत एक गोष्ट विशेष अनुकूल घडली आहे. रोहा ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरच्या टप्प्याचे दुहेरीकरण ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाले. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरणही झाले. वीरच्या दक्षिणेला एकेरी मार्गाची अडचण आणि पावसाळ्यातील वेगमर्यादा आहे. उत्तरेला मात्र पनवेलमार्गे न्हावाशेवा बंदरापर्यंतची वाट तुलनेने मोकळी आहे. औद्योगिक वसाहतीतील माल वीरला गोळा करून, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी कंटेनरची एक आखूड गाडी बंदराकडे सोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

यावर अर्थतज्ज्ञांचा आक्षेप ठरलेला आहे: एवढ्या थोड्या अंतरासाठी माल दोनदा चढविणे-उतरविणे परवडत नाही. आक्षेप खरा आहे; पण अर्धा. अमेरिकेतील छोटी रेल्वेही थोड्याच अंतरावर चालते. ती परवडते कारण तो थोडा प्रवास हजार-दीड हजार किलोमीटरच्या प्रवासाचा आरंभ असतो आणि दर संपूर्ण प्रवासाचा ठरतो. आपल्याकडे अंतर वाढते तसा टनामागचा दर उतरत जातो. मात्र प्रवासाचे तुकडे पडले की प्रत्येक तुकड्याला आरंभीचा चढा दर द्यावा लागतो. लहान गाडीचा माल मोठ्या गाडीत मिसळला तरी दर एकसंध राहील, एवढा नियम झाला, तर हिशेब बदलेल. डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती टर्मिनल धोरणाने खाजगी मालधक्क्यांना वाट करून दिली. पण तिचा लाभ सहजासहजी बड्या उद्योगांनाच मिळतो. महाडसारख्या ठिकाणी कारखानदारांनी सहकारी तत्त्वावर एकत्र येणे आणि औद्योगिक विकास महामंडळाने त्यांच्या पाठीशी उभे राहणे अगत्याचे आहे.

त्याच आवारात रिकामे रेक उभे करण्यासाठी रूळ आणि वाघिणींच्या दुरुस्तीची मार्गिका झाली पाहिजे. २०१८ पासून खाजगी कंपन्यांना सर्वसाधारण वाघिणींत गुंतवणूक करण्याची मुभा आहे. अशा रेकना हंगाम नसताना जागा लागते. स्थानकांतील बाजूचे रूळ त्यांनी अडवून धरले, तर एकेरी मार्गावर गाड्यांची क्रॉसिंग कशी व्हावयाची? ब्रेक, चाके, बेअरिंग यांची तपासणी-दुरुस्ती हे हाताचे, शिकता येणारे काम आहे. तंत्रशाळेतून बाहेर पडून मुंबईची गाडी पकडणाऱ्या तरुणाला ते गावाजवळ मिळू शकते. मात्र रसायनांच्या वाघिणी पुराच्या पट्ट्यात उभ्या करता येणार नाहीत. २०२१ च्या जुलैमध्ये महाडने जे पाहिले त्यानंतर जागेची निवड हा केवळ जमीनमोबदल्याचा विषय राहिलेला नाही.

कोकण रेल्वे महामंडळात महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के होता. विलीनीकरणाच्या वाटाघाटींत त्या वाट्याचे पैसे किती परत मिळावेत याची चर्चा झाली, ती योग्यच होती. परंतु ज्या तालुक्यांनी जमीन दिली, डोंगर फोडू दिले, त्यांच्या पदरात मालवाहतुकीची कोणती हमी पडणार, हे विचारण्याचा अधिकारही त्या वाट्यातूनच येतो. नवी मालकी एकदा रुळली, की दिल्लीच्या दप्तरात वीर हे शेकडो लहान स्थानकांपैकी एक ठरेल. लोकप्रतिनिधींनी आणि कारखानदारांनी आपली मागणी आकड्यांसह मांडायची असेल तर ती आताच मांडली पाहिजे.