वाफसा कळणारे आणि न कळणारे

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत एकाच बाकावर दोन तऱ्हांचे विद्यार्थी बसतात. एकाच्या घरी सातबारा आहे. दुसऱ्याने सीईटीत चांगले गुण मिळवले, पण ज्वारी आणि मक्याचे कोवळे रोप त्याला वेगळे ओळखता येत नाही. (यात कमीपणा नाही, त्याला कुणी दाखवलेच नव्हते.) गणितवाल्यांना जीवशास्त्र आणि जीवशास्त्रवाल्यांना गणित शिकवण्याची सोय अभ्यासक्रमात आहे. खरी दरी मात्र या दोन विषयांतली नाही.

शेतकऱ्याच्या मुलाला वाफसा कळतो. मातीचा गोळा हातात दाबून पेरणी आज करायची की परवा, हे तो सांगतो. मोठ्या पोकळ्यांतले पाणी निथळून तिथे हवा शिरली आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकली, ही तीच गोष्ट इंग्रजी पुस्तकातून समोर आली की तो गांगरतो. शहरातला मुलगा ‘फील्ड कपॅसिटी’ची व्याख्या पाठ करून पेपरात पुढे जातो. वाफसा आणि फील्ड कपॅसिटी अगदी एकच नव्हेत, भारी काळ्या जमिनीत तर नाहीतच. पण तो फरक वर्गात चर्चेला घेतला, तर दोघांनाही एकमेकांची गरज पडते. आज व्याख्येला गुण आहेत, गोळ्याला नाहीत.

याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. यातले अनेक पदवीधर पुढे कृषी सेवा केंद्र चालवतात, आणि शेतकरी फवारणीचा सल्ला तिथेच विचारतो. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वाधिक विषारी, हे पाठ असणे पुरेसे नाही. लिटरला 2 मिली म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 मिली, हा हिशेब तर सोपाच. पण कपाशी डोक्याच्या वर गेल्यावर फवारा तोंडावर येतो, भर उकाड्यात मजूर अंगावर जाड कपडे ठेवत नाही, हे रानात उभे राहिल्याशिवाय समजत नाही.

‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून विद्यार्थी गावात राहायला जातात, ते चौथ्या वर्षी. तोवर सवयी घट्ट झालेल्या असतात. त्यातले दोन आठवडे पहिल्याच खरिपात आणावेत आणि जोड्या लावताना एक सातबारावाला, एक बिनसातबारावाला असे पाहावे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, वेळापत्रक तेवढे बदलावे लागेल.