टेकडीही उद्यानच

पुण्यात फिरायला जायचे तर सारसबाग वा संभाजी उद्यान चटकन आठवते. परंतु शहरातील सर्वांत उंच वेताळ टेकडी, जेथे उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण गणेर, म्हणजेच सोनसावर, पिवळ्याधमक फुलांनी बहरते आणि जुन्या दगडखाणीत पावसाचे पाणी साठते, ती त्यांहून अधिक मोलाची आहे. तेथील बेसाल्टच्या भेगांतून पाणी झिरपून भूजलाचे पुनर्भरण, म्हणजे जमिनीखालील साठ्याची भरपाई, होत असते. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगद्यांचे प्रस्ताव या झिरपण्यालाच बाधा आणू शकत असल्याने महापालिकेने ते सोडून द्यावेत. वाहतूककोंडी खरीच आहे, पण तिच्यावरचा उपाय बससेवा वाढवण्यात आहे, टेकडी फोडण्यात नाही.