संघटना त्यांची, आवाजही त्यांचाच हवा

राष्ट्रीय न्यास कायदा 1999 सालचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो झाला. त्यानुसार नांदेड-लातूरसारख्या प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असायला हवी. समितीवर तिघे असतात : जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. मुलाचे कायदेशीर पालकत्व मिळावे म्हणून आईवडील किंवा नातेवाईक या समितीकडे अर्ज करतात. कलम 14 प्रमाणे समितीला दोन गोष्टी तपासाव्या लागतात : या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर नेमकी कशासाठी? पण ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतो आहे त्याचे म्हणणे ऐकूनच ही उत्तरे काढा, असे ते कलम म्हणत नाही. समितीवरची दिव्यांग व्यक्ती दृष्टिहीन किंवा अस्थिव्यंग असली तरी कायद्याची अट पुरी होते. म्हणजे ज्यांच्यासाठी कायदा झाला, त्यांच्यापैकी एकही जण निर्णयाच्या टेबलाशी नसला तरी कुणाला काही वावगे वाटत नाही. ही उणीव अधिकाऱ्यांच्या सद्भावनेने भरून निघणार नाही. त्यासाठी बौद्धिक दिव्यांगांची स्वतःची संघटना लागेल.

अशा संघटनांना अर्ध्या शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. स्वीडनमध्ये 1960 च्या दशकात बौद्धिक दिव्यांग तरुणांचे क्लब सुरू झाले. 1970 साली माल्मो शहरात या तरुणांची राष्ट्रीय परिषद भरली आणि घर, काम, मोकळा वेळ यांविषयी आपल्याला काय हवे ते त्यांनी स्वतः मांडले. कॅनडात 1973 मध्ये अशीच एक परिषद झाली. अमेरिकेतील ओरेगन राज्यातून तिथे गेलेल्या काही जणांना मात्र दिसले की, व्यासपीठावर बोलण्याचे काम बहुतेक तज्ज्ञच करत आहेत. परतल्यावर 1974 च्या जानेवारीत त्यांनी सेलम शहरात ‘पीपल फर्स्ट’ ही संघटना उभी केली. तिच्या संस्थापकांत आयुष्याची अनेक वर्षे मोठ्या सरकारी संस्थेत काढलेली माणसे होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अधिवेशन बोलावले. अपेक्षा दोनशे जणांची होती, आले पाचशे साठ. त्यांच्या मदतीला सल्लागार होते, पण विषय ठरवणारे आणि ठराव करणारे सभासदच होते. पुढे, ज्यांचे बालपण संस्थांमध्ये गेले ते न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीवर निवडून आले. बौद्धिक दिव्यांगत्व असलेले ते या समितीचे पहिले सदस्य.

विचारले नाही की काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील बौद्धिक दिव्यांग तरुणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या काळातली स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. महिला संघटनांनी कडाडून विरोध केला. पण खुद्द त्या तरुणींची बाजू मांडणारी त्यांच्यातलीच संघटना नव्हती. पंधरा वर्षांनी, 2009 मध्ये, चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या सज्ञान स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही. त्या स्त्रीला मूल हवे होते. ‘तिला काय कळते?’ या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले हे उत्तर आहे.

अशा संघटनेवर पहिला आक्षेप पालकांचा असतो आणि तो मनापासूनचा असतो : बँक, शेती, वाटणी हे त्याला कसे झेपणार? कुणी अंगठा घेऊन फसवले तर? ही भीती खरी आहे. म्हणून संरक्षण हवेच, पण ते गरजेपुरते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्वाची व्यवस्था देतो : ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. जमिनीच्या व्यवहारात मदत लागते म्हणून राहायचे कुणाजवळ, काम कोणते करायचे, हेही दुसऱ्यानेच ठरवावे असे होत नाही. दुसरा आक्षेप : ज्यांना बोलताच येत नाही त्यांचे काय? चित्रे, खुणा, नकार, चेहऱ्यावरचा आनंद ही सगळी मत सांगण्याचीच साधने आहेत. ती ओळखायला वेळ आणि सराव लागतो. शिवाय जे बोलू शकतात त्यांनाही आज कुठे विचारले जाते? तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे : मराठवाड्यात आधी शाळा, उपचार, प्रमाणपत्र, निराधार योजनेचे पैसे मिळू देत, संघटना नंतर बघू. पण किल्लारीच्या भूकंपानंतर आपण पाहिले आहे : नव्या गावांतल्या आखीव वसाहती अनेक शेतकरी कुटुंबांना गैरसोयीच्या ठरल्या, कारण राहणाऱ्यांच्या रीतीभातींचा विचार पुरेसा झाला नव्हता. विचारणे हा सेवेनंतरचा टप्पा नव्हे, सेवा नीट होण्याची ती अट आहे.

पाया आपल्याकडे आहे. पालक संघटनांचा ‘परिवार’ हा राष्ट्रीय महासंघ 1995 पासून काम करतो आणि त्याच्याच छायेत बौद्धिक दिव्यांगांचा ‘सेल्फ ॲडव्होकेट्स फोरम ऑफ इंडिया’ आहे. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘संवेदना’ केंद्र आहे. अशा केंद्रांत, विशेष शाळांत आणि कार्यशाळांत प्रौढांची मासिक सभा सुरू करता येईल. अध्यक्ष त्यांच्यातलाच, विषय त्यांचे, शिक्षक मदतनीस. शिक्षकच आपले मत त्यांच्या तोंडी घालतील, हा धोका आहे. म्हणून मदतनीसाला मताचा अधिकार नको आणि त्याला बदलण्याचा हक्क सभासदांना हवा. नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दोन पावले आपल्या पातळीवर उचलावीत. पालकत्वाच्या प्रत्येक अर्जावर संबंधित व्यक्तीला, तिच्या पसंतीचा सोबती घेऊन, प्रत्यक्ष ऐकावे आणि तिचे म्हणणे आदेशात नोंदवावे. आणि समितीवरची दिव्यांग प्रतिनिधीची जागा पुढच्या वेळी बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला द्यावी, अशी शिफारस करावी. कायदा याला आडकाठी करत नाही. नव्या कायद्याची किंवा मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.