समजून घ्या : वाशिमहून लोणारला जाताय? उतरणे सोपे, खरी परीक्षा परतीची

जंगल, डोंगरउतार आणि तळे एका दिवसात पाहायचे, तर वाशिमकरांना रिसोडमार्गे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार जवळचे. पण हा ट्रेक नेहमीच्या उलट आहे.

उलट म्हणजे कसा?
येथे आधी उतार, शेवटी चढ. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि १३७ मीटर खोल आहे. म्हणजे साधारण ४५ मजली इमारत, तीही दमल्यावर, उन्हात चढायची. त्यामुळे सकाळी लवकर उतरा आणि निम्मे पाणी परतीसाठी राखून ठेवा.

सरोवराचे पाणी चालेल का?
नाही. ते खारे आणि अल्कधर्मी आहे. सामू १० च्या आसपास. पिण्याचे पाणी सोबतच न्या.

इतकी काळजी कशासाठी?
जून २०२० मध्ये पातळी घटून क्षार वाढले आणि हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले. उलट, गोडे पाणी जास्त मिसळले तर क्षारता घटते आणि खाऱ्या पाण्यावर जगणारी हीच जीवसृष्टी अडचणीत येते. समतोल इतका नाजूक आहे. २०२० मध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. परिसर अभयारण्यही आहे. साबण, निर्माल्य, प्लास्टिक खाली नेऊ नका.

निघण्यापूर्वी काय करावे?
पातळी वाढली की काठाची पायवाट बुडू शकते. वाट खुली आहे का, हे वन विभागाकडे आधी विचारा. बंद असेल, तर वरूनच विवर पाहा.