उंटवाल्यांच्या देशात सहा आठवडे



लेकीकडे ॲडलेडला जायचं नक्की झालं, तेव्हा आम्ही दोघांनी एक हट्ट धरला. थेट तिच्या दारात उतरायचं नाही. आधी केर्न्स, मग डार्विन आणि तिथून वाळवंट ओलांडून तिच्याकडे. जून-जुलैचे सहा आठवडे. “या वयात एवढी दगदग कशाला?” असं नातेवाईक म्हणाले. कारण साधं होतं. आमच्यापैकी एकाने 26 वर्षं कुवेतमध्ये नोकरी केली, दुसरीने तितकीच वर्षं श्रीवर्धनला घर, मुलं आणि सासू-सासरे सांभाळले. दोन वर्षांतून दोन महिन्यांची रजा. हिशेब केला, तर 26 वर्षांत एकत्र राहिलो 26 महिने.

केर्न्सला बोटीने समुद्रात जाऊन प्रवाळ पाहिले. प्रवाळांची ही रांग सुमारे 2300 किलोमीटर लांब आहे. काचेच्या तळातून रंगीत मासे दिसू लागले, तसं आमच्यातल्या कोकणी मनाने लगेच विचारलं, यातला खायचा कोणता?

डार्विनला तर घरीच आल्यासारखं वाटलं. आंबा आणि चाफा. समुद्र मात्र फक्त बघायचा, कारण त्यात मगरी असतात. गुरुवारी आणि रविवारी मिंडिल किनाऱ्यावर बाजार भरतो. तिथे सूर्यास्त बघत बसलो. या उत्तर किनाऱ्यावर ठिकठिकाणी जुनी चिंचेची झाडं आहेत. इंग्रजांच्या वसाहतीआधीपासून सुलावेसी बेटावरचे मुसलमान दर्यावर्दी पावसाळी वाऱ्यावर शिडं उभारून इथे यायचे. समुद्रकाकडी गोळा करायची, वाळवायची आणि वारा फिरला की परतायचं. त्यांनी खाल्लेल्या चिंचांच्या बियांतून ती झाडं उगवली. तिथले योल्ङु आदिवासी आजही पैशाला ‘रुपिया’ म्हणतात.

डार्विनहून ‘घान’ नावाच्या रेल्वेने ॲलिस स्प्रिंग्ज गाठलं. अंतर सुमारे 1500 किलोमीटर, खिडकीबाहेर लाल माती आणि खुरटी झुडपं. तिकीट महाग आहे. विमान स्वस्त पडतं. पण डब्यावर उंटस्वाराचं चित्र पाहिलं आणि पैसे वसूल झाले. घान हे नाव ‘अफगाण’वरून पडलं. 1860 मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी दोन डझन उंट कराचीहून जहाजाने आणले, सोबत त्यांना हाकणारी माणसंही. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती! पुढच्या साठेक वर्षांत किमान 2000 उंटवाले आले. बलुची, पंजाबी, सिंधी, पठाण, सगळ्यांना एकच नाव, अफगाण. तारेचे खांब, रेल्वेचं सामान, लोकरीचे गठ्ठे, पीठ, पाणी, सारं त्यांनी वाहिलं. मोटारी आल्या आणि काम संपलं. पोसलेल्या उंटांना गोळी घालण्यापेक्षा अनेकांनी ते रानात सोडून दिले. आजचे रानटी उंट त्यांचेच वंशज.

ही माणसं बहुधा तीन वर्षांच्या करारावर यायची. बायको-मुलांना सोबत आणता येत नसे. काही परतले, काहींनी तिथेच आदिवासी किंवा गोऱ्या बायकांशी संसार थाटले. बरेच एकटेच राहिले.

ॲडलेडला लेकीने विचारलं, “आधी काय बघायचं?” आम्ही म्हणालो, मशीद. लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवरची ही मशीद 1888-89 मध्ये उंटवाल्यांच्या पैशांतून उभी राहिली. चार मिनार 1903 चे. शेजारच्या खोल्यांत म्हातारे उंटवाले अखेरचे दिवस काढायचे. मुसाफिरीत असल्याने दुपारची दोन रकात कसर पढलो. किब्ला आपल्यासारखाच पश्चिमेकडे. मग अंगणात बसलो. श्रीवर्धनवालीने हळूच विचारलं, “यांच्या घरी कोणी कळवलं असेल का हो?”

कुवेतवाल्याकडे उत्तर नव्हतं. त्या अनोळखी म्हाताऱ्यांसाठी आणि त्यांची वाट बघणाऱ्या बायकांसाठी दोघांनी मिळून फातिहा पढली.

ज्यांच्या घरचं माणूस आखातात आहे, त्यांना एवढंच सांगणं: रजेचे दिवस लग्नं आणि घराच्या डागडुजीतच घालवू नका. आठवडाभर तरी दोघंच कुठेतरी जा. ऑस्ट्रेलियाच हवं असं नाही, दिवेआगरही चालेल.