डोळ्यांनी ऐकलेला तारपा

गाण्यातले मला फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. मी भूप गुणगुणू लागलो, की आमची सौभाग्यवती माजघरातून विचारते, "अहो, कुकरची शिटी झाली का?" असे असूनही गेल्या दिवाळीत मी एका ध्वनिमुद्रणाचा सल्लागार झालो. या सदरातून वर्षभर मी इतरांच्या फजितीवर लिहितो. निदान दिवाळी अंकात तरी स्वतःच्या फजितीचा फराळ वाढावा, म्हणून ही हकीकत.

आमच्या कॉलेजातून पदवी घेतलेला एक वारली तरुण डहाणूत एका खोलीत ध्वनिमुद्रण करतो. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, कोपऱ्यात संगणक, एवढाच संसार. त्याचे आजोबा तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर राहतात. जन्मभर तारपा वाजवलेला माणूस. आता छातीत दम राहत नाही. "सर, आजोबांचा तारपा यंदाच धरून ठेवला पाहिजे. पुढच्या वर्षी वाजेल न वाजेल," असे तो म्हणाला, आणि मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. वाळवलेल्या दुधी भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या बसवतात. त्यांत पातळ जिभल्या असतात, सांधे मेणाने बुजवतात आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा लावतात. हा झाला तारपा. वाजवणारा गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. भात कापून झाले, की रात्री हा घुमू लागतो आणि त्याच्याभोवती बायकापुरुष कंबरेला हात घालून फेर धरतात. आजोबा त्या रात्री थांबत थांबत तासभर वाजवत होते. शेवटी नातवाने त्यांना धरून खाटेवर बसवले.

दुसऱ्या दिवशी डहाणूच्या खोलीत खरे काम सुरू झाले. निरनिराळ्या माइकांवर घेतलेले आवाज एकमेकांत नीट बसवणे, याला मिक्सिंग म्हणतात. आणि तयार झालेल्या गाण्यावर शेवटचा हात फिरवणे म्हणजे मास्टरिंग. हे काम कानाचे, अशी माझी समजूत. पण हा पठ्ठ्या पडद्याकडे टक लावून बसला होता. पडद्यावर डोंगररांगेसारखी रेघ नाचत होती. डावीकडे सेकंदाला २० कंपनांचे खर्ज आवाज, उजवीकडे २०,००० पर्यंतचे बारीक आवाज; ज्याचा जोर अधिक, त्याचा डोंगर उंच. फूरिये नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने उष्णता कशी पसरते हे सांगताना १८२२ साली जे गणित मांडले, त्याचीच ही करामत. १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी या दोघांनी ते झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि आता ते गोधड्यांच्या खोलीतही होते.

"सर, हा खांब पाहा," तो म्हणाला. ५० या आकड्यावर एक एकटा सुळका उभा होता. १०० आणि १५० वर त्याची पिल्ले. "ही वीज आहे."

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. शेजारच्या झोपडीतून वायर ओढून यंत्र चालवले होते, तिची गुणगुण तारप्याबरोबर आत शिरली होती. त्याचे स्पीकर लहान, एवढा खर्ज आवाज त्यांतून उमटतच नाही. म्हणून दोघांनाही ती ऐकू आली नव्हती. मोठ्या स्पीकरवर मात्र तिने सारी मजा घालवली असती. त्याने ते सुळके अलगद उपटले. मी थक्क झालो. कानाला चष्मा लावता येतो, हे मला त्या दिवशी कळले.

माझी फजिती इथून पुढे सुरू होते.

तारप्याच्या सुरावर एक जाडजूड टेकाड दिसत होते. तुलनेसाठी त्याने एका गाजलेल्या चित्रपटगीताची रेघ शेजारी लावली. ती कशी सुबक उतरत गेलेली! तिच्यापुढे आमचा तारपा कुबड आलेला दिसे. "सर, हे छाटू का?" त्याने विचारले. चष्म्यावर माझा एव्हाना पूर्ण विश्वास बसला होता. मी म्हणालो, "छाट!" त्याने छाटले. मी मान डोलावून म्हटले, "आता कसे स्वच्छ झाले!"

ते स्वच्छ ध्वनिमुद्रण घेऊन आम्ही पाड्यावर गेलो. आजोबांनी डोळे मिटून सगळे ऐकले. मग वारलीत काही बोलले. नातू बराच वेळ गप्प होता. शेवटी त्याने मला अर्थ सांगितला : "बोलतो आहे, पण घुमत नाही. हा माझा नव्हे."

डहाणूला परतल्यावर त्याने मूळ मुद्रण पुन्हा उघडले आणि आलेखाची मोजणी बारीक केली. सेकंदात आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. त्यातले ४,०९६ नमुने एका वेळी तपासले, तर सुमारे ११ कंपनांहून जवळचे दोन सूर वेगळे दिसत नाहीत. ३२,७६८ तपासले, की सव्वा-दीड कंपनांपर्यंतचा फरक कळू लागतो. मात्र त्याला पाऊण सेकंद लागतो, आणि तेवढ्यात नाचणाऱ्यांचा ठेका पुसट होतो. फोटो काढताना हात हलावा तसा. सूर बारीक पाहावा तर वेळ सुटते, वेळ धरावी तर सूर सुटतो. या बारीक मोजणीत मात्र टेकाड दुभंगले. आत दोन शिखरे होती, चार कंपनांच्या अंतरावर. त्या दोन नळ्या! इतके जवळचे दोन सूर एकत्र वाजले, की आवाज सेकंदाला चारदा भरतो आणि ओसरतो. तेच ते घुमणे, आणि नेमके तेच आम्ही कुबड म्हणून दाबले होते.

गाणे मोजण्यात काही गैर नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल या डेप्युटी कलेक्टरांनी श्रुतींची आंदोलने मोजली. बावीस श्रुतींवरचे त्यांचे पुस्तक १९१० साली निघाले. पण त्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा साक्षीला होता. आमच्या खोलीत साक्षीला होते एक चित्रपटगीत आणि मी. आमच्याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीही तारप्याच्या नाचाची चित्रे काढली, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. पण नाचणाऱ्यांनी चित्राबरहुकूम नाचावे, असे काही ते म्हणाले नाहीत.

विजेचा सुळका आणि आजोबांच्या श्वासाचे टेकाड, पडद्यावर दोन्ही एकाच रेघेने काढलेली असतात. परके कोणते आणि घरचे कोणते, हे रेघ सांगत नाही. ते त्या वाद्याबरोबर जन्म काढलेल्या कानाला विचारावे लागते. आम्ही टेकाड परत जागेवर ठेवले, विजेला बाहेरच ठेवले. पुढच्या खेपेला आजोबा ऐकू लागले, तेव्हा खाटेवरून लोंबणारा त्यांचा पाय हलू लागला.

परतताना नातू सहज म्हणाला, "सर, पहिल्या वर्षी माझ्या निबंधात आमच्या घरची दोन वाक्ये होती. तुम्ही लाल वर्तुळ काढून 'अशुद्ध' लिहिले होते. मग मी तसे पुन्हा लिहिले नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. संगणकावर मूळ मुद्रण जपलेले असते. ती दोन वाक्ये कोणती होती, हे मात्र आता त्यालाही आठवत नाही.

सध्या प्रथम वर्षाच्या निबंधांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे. वर्तुळ काढण्याआधी प्रत्येक वाक्य मी मोठ्याने वाचून पाहतो. मग माजघरातून आवाज येतो, "अहो, शिटी झाली का?"